ऐरण सरकते, उसळते, ठणाणा करते? आधी खिळे मारायचं थांबवा

दर वर्षी ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला, की कोयत्यांचं काम अंगावर पडतं आणि मला दोन-चार फोन ठरलेले असतात. ऐरण हलतेय, काय करू? आत्तापर्यंत काय केलंस विचारलं तर उत्तर पण ठरलेलं, खिळे मारले, मग अजून मोठे खिळे मारले. मी हसत नाही कारण पहिल्या वर्षी मी पण हेच केलंय, एका मोसमात इतके खिळे ठोकले की ऐरणीखालच्या ओंडक्याची वरची कड चाळणी झाली आणि ऐरण हलायची ती हलतच राहिली. शेवटी आबा म्हणाले, "आरं ऐरण न्हाय हलत, लाकूड हलतंय. खाली बघ की." खाली बघितलं तर ओंडक्याखाली तापल्या लोखंडावरून गळलेल्या खपल्यांचा थर, आणि ओंडका त्याच्यावर डुगडुगतोय. झाडू मारला, संपलं काम. तेव्हापासून स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या मिळून बऱ्याच ऐरणी बसवून झाल्या, सगळं इथे एकदाच लिहून टाकतो.

एक गोष्ट आधी डोक्यात ठेवा. बैठकीत, म्हणजे ऐरणीखालच्या आधारात, हलायच्या जागा तीनच असतात. ऐरण आणि ओंडका यांच्यामधली, ओंडका आणि जमीन यांच्यामधली, आणि खुद्द ओंडक्याच्या पोटातली, म्हणजे तडा. यातली कुठली हलतेय हे कळल्याशिवाय काहीही आवळलं तर दोष तसाच राहतो आणि पंधरा दिवसांनी परत तेच.

लक्षणं

ऐरण "चालते", सकाळी खूण केलेल्या जागेपासून संध्याकाळी दोन बोटं पुढे गेलेली असते, आणि बहुतेक वेळा एकाच दिशेला.

चोचीवर (म्हणजे शिंगावर, ऐरणीच्या निमुळत्या टोकावर) ठोकलं की मागची बाजू उचलते. पायाखाली पोस्टकार्ड सरकवलं तर आत जातं.

आवाज बदलतो. आधी स्वच्छ ठण्ण यायचा, आता ठण्णच्या मागे खरखर येते, सैल पत्र्यासारखी. ही खरखर महत्त्वाची आहे, नुसता मोठा आवाज म्हणजे दोष नाही, पण खरखर म्हणजे कुठेतरी दोन गोष्टी एकमेकांवर आपटतायत.

खिळे आपोआप वर येतात.

जे काम तीन तापात (म्हणजे लोखंड भट्टीत तीनदा तापवून) व्हायचं त्याला पाच ताप लागतात. याचा संबंध लोक ऐरणीशी लावत नाहीत, कोळशाला शिव्या घालतात. पण घावातला जोर लोखंडात जायच्या ऐवजी ऐरण हलवण्यात चाललाय, त्यामुळे असं होतं.

आणि मनगट, कोपर दुखणं. एकटं हेच लक्षण असेल तर पहिलीच तपासणी नीट वाचा.

1. ठोकणारा आणि हातोडा (खर्च शून्य)

वाईट वाटून घेऊ नका, पण सुरुवात इथूनच. ढोबळ हिशोब असा की ऐरणीचं वजन हातोड्याच्या पन्नास पट असेल तर ती मुकाट बसते. दोन पौंडी हातोडा म्हणजे साधारण 900 ग्रॅम, त्याला 45 किलोची ऐरण पुरते. आता तुम्ही 25-30 किलोच्या ऐरणीवर आठ पौंडी घण चालवताय का? घण साडेतीन किलोच्या वर जातो, त्याच्या पन्नास पट म्हणजे 180 किलो. मग तुमची ऐरण उड्या मारणार नाही तर काय करणार.

इथे कोणीतरी म्हणेलच की घिसाडी लोक (फिरते लोहार) रस्त्याकडेला दहा-बारा किलोच्या ठोकळ्यावर घण मारतात ते कसं? बरोबर आहे, मी लहानपणी बाजाराच्या दिवशी तासन् तास उभा राहून बघितलंय, बाई उभी राहून घण घालतेय, बाप्या खाली बसून सांडशीने लोखंड फिरवतोय, आणि ऐरण जागची हलत नाही. पण त्यांची ऐरण कशी असते बघा. खाली निमुळती, लाकडात पार मानेपर्यंत ठोकलेली, आणि ते लाकूड जमिनीत पुरलेलं. म्हणजे घण झेलतो तो बारा किलोचा ठोकळा नाही, खालची जमीन झेलते. वजन कमी असेल तर जमिनीचं वजन उसनं घ्यायचं, एवढी साधी युक्ती आहे, आणि आपण त्याच वजनाचा ठोकळा अँगलच्या स्टूलवर बोल्ट करतो.

उंची पण आत्ताच बघून घ्या. उभं राहून काम करत असाल तर हात सरळ सोडून मूठ वळा, मुठीची पेरं जिथे येतात तिथे ऐरणीचा माथा हवा. घणाचं काम जास्त असेल तर त्याहून दोन इंच खाली. ऐरण जास्त उंच असली की हातोडा आपल्याकडच्या कडेवर पडतो, तापल्या लोखंडावर अर्धचंद्रासारख्या खुणा आपल्या बाजूला उमटतात. फार बुटकी असेल तर त्याच खुणा पलीकडच्या बाजूला. असा तिरका पडलेला घाव ऐरणीला खाली दाबत नाही, बाजूला ढकलतो. "एकाच दिशेला चालते" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथे निघतं. आणि मनगट दुखायचं पण.

2. खडू आणि रांगोळी (खर्च पाच रुपये)

ही माझी आवडती, आणि हिच्याशिवाय पुढे जाऊ नका.

ऐरणीच्या पायावरून खाली ओंडक्यावर येईल अशी खडूची उभी रेघ मारा, चारी बाजूंनी. तशीच ओंडक्यावरून जमिनीवर येणारी रेघ. मग ऐरणीच्या पायांभोवती ओंडक्याच्या कडेवर चिमूटभर रांगोळी भुरभुरवा आणि ओंडक्याच्या बुडाभोवती पण. आता नेहमीसारखं अर्धा तास काम करा आणि या.

वरची रेघ तुटली पण खालची जुळलेली असेल तर दोष ऐरण आणि लाकूड यांच्यात. खालची तुटली असेल तर जमिनीशी. रेघा दोन्ही जुळलेल्या आहेत पण रांगोळी एका कोपऱ्यात उडून साफ झालीय, तर तिथे सरकत नाही पण उचलून आपटतंय, म्हणजे त्या कोपऱ्याखाली पोकळी आहे. तीन कोपऱ्यांत रांगोळी शाबूत आणि चौथा स्वच्छ असं दिसलं की मला बरं वाटतं, कारण अर्धं काम तिथेच झालं. आणि ओंडक्याला तडा असेल तर त्याच्यावर आडवी रेघ मारून ठेवा, घाव घालताना तडा उघडझाप करत असेल तर रेघ दोन तुकड्यांत वरखाली दिसते.

3. ओंडक्याखालची जमीन

ऐरण उतरवा, ओंडका आडवा करा. एकट्याने नाही. 60 किलोची ऐरण पायावर पडली तर बोटं जातात, दोघं जण घ्या, पहार घ्या, आणि खाली हात घालायच्या आधी लाकडाचा तुकडा सारून ठेवा.

खाली काय बघायचं? एक तर खपल्या. तापलेल्या लोखंडावरून जे काळे पापुद्रे गळतात ते वर्षभर झिरपत झिरपत ओंडक्याखाली जमतात आणि छर्ऱ्यांसारखं काम करतात. झाडू, आणि कडेने एकदा मातीचा लेप, एवढंच.

दुसरं म्हणजे फरशी. शहाबादी फरशीवर ऐरण मांडलेली मी कितीतरी ठिकाणी बघितलीय. काठीने ठोकून बघा, खाली पोकळ असेल तर डबडब आवाज येतो. पोकळ फरशी स्प्रिंगचं काम करते आणि एक दिवस फुटते. तेवढी एक फरशी काढा, मुरूम घाला, पाणी मारून धुमसाने ठोका, ओंडका सरळ त्याच्यावर. कोबा असेल आणि चांगला असेल तर राहू द्या, फक्त मध्ये जुन्या कन्व्हेयर बेल्टचा एक तुकडा टाका. जाड मऊ रबर मात्र नको, टायरचे तुकडे टाकून बघितलेत मी, ऐरण गादीवर ठेवल्यासारखी उसळते.

4. ओंडक्याचं बूड

सपाट बूड सपाट जमिनीवर बसतं हे फक्त कागदावर. खरं तर मध्ये कुठेतरी उंचवटा राहतोच आणि ओंडका त्याच्यावर भोवऱ्यासारखा डुलतो. म्हणून बूड सपाट करायच्या भानगडीत पडूच नका, उलट मध्ये वाकसाने (सुताराच्या तासायच्या हत्याराने) अर्धा-पाऊण इंच खोलगट करा, कडेने तीन ठिकाणी पाय सोडा, बाकीची कड थोडी उचला. तीन पायांचं काहीही डुगडुगत नाही, चार पायांचं टेबल डुगडुगतं, तिवई कधी बघितलीत का डुगडुगताना?

मग पाणसळ ठेवून माथा लेव्हलला आणा. लेव्हल बिघडलेली असेल तर ऐरण उताराच्या बाजूला चालते आणि तुम्ही म्हणता खिळे खराब.

5. ऐरण आणि लाकूड यांची गाठ

आता कुठे खिळ्यांची पाळी. पण खिळ्यांच्याही आधी ऐरणीचं बूड लाकडावर नीट टेकतंय का ते बघायचं, कारण बूड तीन ठिकाणी टेकत असेल आणि तुम्ही चौथ्या ठिकाणी खिळ्याने दाबत असाल तर दर घावाला तो खिळा उपटला जातो. खिळा वाईट नाही, त्याच्याकडून चुकीचं काम करून घेतोय आपण.

टेकवायची पद्धत अशी. ऐरणीच्या बुडाला काजळी किंवा तेलात कालवलेला गेरू फासा, ती ओंडक्यावर अलगद ठेवा, एक-दोन हलके घाव घाला, उचला. लाकडावर जिथे डाग उमटले तिथे उंचवटे. ते पटाशीने पातळ पातळ छाटा, परत ठेवा, परत उचला. कंटाळवाणं आहे, मला पहिल्यांदा पूर्ण दुपार लागली होती, नऊ-दहा वेळा ऐरण वरखाली केली, भाऊ वैतागून निघून गेला. पण सगळीकडे डाग यायला लागले की निम्मी ऐरण खिळ्याशिवायच बसते. ठोकळा चौकोनी असेल तर त्याच मापाची पाऊण इंच खाच कोरून ऐरण तिच्यात बसवता आली तर अजूनच छान.

पत्र्याच्या पट्ट्यांचं पॅकिंग देऊन मोकळे होणारे पण आहेत. दोन दिवस बरं वाटतं. मग पट्टी लाकडात रुतते किंवा कडेने बाहेर उडून येते, आणि ती खरखर असते ना, ती बऱ्याचदा या पट्ट्यांचीच.

बूड टेकलं की मध्ये सिलिकॉन सीलंटचा जाड थर पसरून ऐरण त्याच्यावर ठेवा आणि रात्रभर सोडा. सिलिकॉन वाळून ऐरणीला चिकटून बसतं, बारीक पोकळ्या भरतं आणि आवाज निम्म्याच्या खाली आणतं. सोसायटीच्या शेडमध्ये, गच्चीवर काम करणाऱ्यांनी हे आधी करावं. तेवढ्यानेही शेजारी गप्प बसत नसतील तर जुन्या मोठ्या स्पीकरमधलं चुंबक काढून ऐरणीच्या मागच्या बाजूला खालून चिकटवा. ठण्णचा टक होतो. घाव तसाच बसतो, फक्त घंटा थांबते.

मग धरून ठेवायला खिळ्यांपेक्षा पट्ट्या बऱ्या. 40 बाय 6 मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे चार तुकडे तापवून ऐरणीच्या पायावर बसतील असे वाकवा आणि कोच स्क्रूने (पान्याने आवळायचा लाकडाचा जाड स्क्रू) ओंडक्याच्या बाजूला आवळा, वरच्या टोकात नाही, बाजूला. कारण ओंडका उभा आहे, त्याचे रेषे उभे आहेत, वरून मारलेला खिळा दोन रेषांच्या मधे घुसतो आणि तसाच वर येतो. बाजूने मारलेला स्क्रू रेषे आडवे पकडतो. ही एक गोष्ट कळली असती तर माझा तो पहिला मोसम वाचला असता.

6. ओंडका फाटलाय

बाभूळ घट्ट असते पण वाळताना तडकते. चिंच उत्तम, तिचे रेषे एकमेकांत गुंतलेले असतात, खाटीक उगाच चिंचेचा ठोकळा वापरत नाहीत. 18 इंच व्यासाचा, दोन फूट उंच बाभळीचा ओंडका साधारण 80 किलो भरतो, म्हणजे तोच एक मोठा आधार आहे, त्यामुळे बारीक तड्यासाठी तो फेकू नका.

तडा बोटभर आहे आणि उघडझाप करतोय तर बैलगाडीच्या चाकाला धाव चढवतात तसा पट्टा चढवायचा. 18 इंची ओंडक्याचा घेर 1436 मिलिमीटर, लोखंड 500 अंशांनी तापलं की त्या घेरात आठ-नऊ मिलिमीटर वाढतं, म्हणून पट्टा घेरापेक्षा पाचेक मिलिमीटर कमी ठेवून जोडायचा, तापवायचा, दोन सांडशांनी धरून चढवायचा आणि लगेच पाणी ओतायचं. लाकूड पेट घेतं, घाबरू नका, पण दोन बादल्या आधी भरून ठेवा. ओंडका पूर्ण वाळलेला हवा. ओल्या ओंडक्यावर चढवलेला पट्टा उन्हाळ्यात बांगडीसारखा खाली पडतो. नवीन ओंडका वखारीतून आणला असेल तर टोकांना शेणमातीचा लेप देऊन सावलीत वर्षभर ठेवा, टोकं एकदम वाळली की तडकतात.

आरपार तडा असेल, किंवा पेचकस टोचला की भुसा येतोय म्हणजे वाळवी लागलीय, तर पट्टा-बिट्टा सोडा. ओंडका बदला.

7. पुरलेला ओंडका सैल झालाय

हा आमच्या सांगलीकडचा खास आजार, आणि काळी माती जिथे जिथे आहे तिथला. पावसाळ्यात माती फुगते, ओंडका घट्ट, सगळं छान. मार्च-एप्रिलात तीच माती आकसून भेगाळते आणि ओंडक्याभोवती दोन बोटं फट पडते. लोक त्या फटीत दगड ठोकतात, पुढच्या पावसात माती परत फुगते आणि दगडांसकट ओंडका तिरका करते. दर वर्षीचं रडगाणं.

उपाय मेहनतीचा आहे पण एकदाच करायचा. ओंडक्याच्या चारी बाजूंनी फूटभर जास्त रुंद आणि तीन फूट खोल खड्डा घ्या, काळी माती सगळी बाहेर, खाली दगडगोटे, मग ओंडका, मग भोवती मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून ठोकायचा. एकदम सगळा मुरूम ओतून वरून ठोकला तर फक्त वरचा थर दबतो. वरून उतार द्या म्हणजे पाणी साचणार नाही. पुरलेल्या भागाला डांबर किंवा जळकं ऑइल लावा वाळवीसाठी, पण जमिनीच्या वर अजिबात नको, ठिणग्या पडतात तिथे.

ऐरणीभोवती काँक्रीट ओतू का, असं हमखास विचारतात. ऐरण थेट काँक्रीटवर नको. काँक्रीट घाव सोसत नाही, खाली पीठ होतं आणि बोल्ट सैल पडतात. मध्ये लाकूड हवंच.

8. लोखंडी स्टँड आणि रुळाचे तुकडे

स्टँड असेल तर पाय तीन करा, बाहेर फाकलेले, आणि पाइप पोकळ असतील तर कोरडी वाळू ठासून भरा. वेल्डच्या जागी बारीक तडा दिसतोय का बघा, रंगाचा पापुद्रा सुटलेला असेल तर त्याच्याखाली बऱ्याचदा तडाच असतो.

रुळाचा तुकडा आडवा ठेवलाय आणि उसळतोय? उसळणारच. रुळाचा मधला भाग पातळ असतो, तो स्प्रिंगसारखा वागतो. तोच तुकडा उभा करून ओंडक्यात गाडा, म्हणजे हातोड्याखाली सगळं वजन एका रेषेत येतं. 60 किलो प्रतिमीटरवाल्या रुळाचा दोन फुटी तुकडा 36 किलोच्या आसपास भरतो, उभा केला की माथा लहान मिळतो पण कोयत्या-खुरप्याला पुरतो. आणि रूळ बिलासकट घ्या. रेल्वेचा माल बेकायदा जवळ बाळगणं 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे, भंगारवाला "काही होत नाही" म्हणेल, बिल मागा.

कुठे थांबायचं

वरचं सगळं करून पण ऐरण मेल्यासारखी लागत असेल तर बेअरिंगची इंचभर गोळी 10 इंचांवरून माथ्यावर सोडा. चांगल्या ऐरणीवर ती 7 ते 9 इंच परत उडते. ही उडी मुख्यतः ऐरणीच्या लोखंडावर अवलंबून असते, बैठकीवर फारशी नाही, त्यामुळे दोष कुणाचा ते वेगळं कळतं. सगळीकडे उडी कमी असेल तर ऐरण मऊ किंवा बिडाची आहे, बैठक कितीही सुधारा, ती तशीच राहणार. पण एकाच जागी गोळी मेली आणि तिथे आवाज पण बद्द येतोय, तर वरची पोलादी पट्टी आतून सुटलीय. तिथे तुमचं काम संपलं. असली ऐरण स्वतः वेल्ड करायला बसू नका, माथ्याचं पाणी (म्हणजे कडकपणा) उतरतं आणि शेजारी नवीन तडा जातो. ऐरणीला पाय वेल्ड करून स्टँडला जोडायचा विचार असेल तर तोही याच कारणासाठी सोडा. जुन्या ऐरणी दुरुस्त केलेल्या वेल्डरला दाखवा, आणि तो "करून बघू" म्हणाला तर दुसरा शोधा.

चोचीच्या मुळाशी किंवा कमरेला केसासारखी रेघ दिसली तर त्याच दिवशी काम बंद. माथ्याच्या कडेच्या कपच्या उडत असतील तरी बंद, ती कपची डोळ्यात जाते, चष्मा असो नसो.

कोबाच खचत चाललाय, भिंतीला भेगा दिसतायत, तर गवंडी बोलवा. पॉवर हॅमर (मशिनने चालणारा घण) बसवायचा असेल तर यातलं काहीच लागू नाही, त्याचा पाया वेगळा असतो, तो मशिनवाल्याच्या ड्रॉइंगप्रमाणे जाणकाराकडूनच घाला. आणि बैठक पक्की झाल्यावरही बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल तर डॉक्टर.

दुरुस्ती झाली की खडूच्या रेघा पुसू नका. आठ दिवसांनी कोच स्क्रू एकदा आवळा, लाकूड दबलेलं असतं. मग पुढची तपासणी मार्चमध्ये, फटी पडायला लागतात तेव्हा.